दत्तू मास्तरांचे कोसळणारे खेळ

खाडीच्या तोंडापाशी आलं की रुझार होडी उजवीकडे घेतो. नवखा माणूस असला तर विचारतो, इथं तर पाणी चांगलं खोल दिसतंय, मग हा वळसा कशाला? रुझार वल्हं न थांबवता सांगतो, "खाली मास्तराचो चवथरो आसा. होडयेचा बूड घासता." मग तो माणूस वाकून पाण्यात बघतो. गढूळ हिरवं पाणी आणि त्यात हलणारं आपलंच तोंड, एवढंच दिसतं. मी अशा वेळी मुद्दाम गप्प बसतो. आमच्या हायस्कूलच्या स्नेहसंमेलनात मी जन्मभर पोरांना भिण्याचा अभिनय शिकवला, पण त्या क्षणी त्या प्रवाशाच्या चेहऱ्यावर जे येतं ते माझ्या एकाही पोराला जमलेलं नाही.

मास्तर म्हणजे दत्ताराम मास्तर. आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात पेन्सिली आणि पेन्सिलींच्या मध्ये एक लाल पेन ड्राइव्ह. तो पेन ड्राइव्ह खिशातून बाहेर आला की स्टाफरूममधली माणसं चहाचे कप घेऊन उठायची. पण हे नंतरचं. सुरुवातीला आम्ही सगळे हसत होतो.

शाळेला कुणा दात्याने जुने संगणक दिले तेव्हा ते सांभाळायचे कुणी हा प्रश्न होता. हेडमास्तरांनी फार खोल विचार केला आणि म्हणाले, "चित्रात रंग असतात, संगणकातही रंग असतात. दत्ताराम, तुम्ही घ्या." मास्तरांनी घेतले. पोरांना काय शिकवायचं ते शिकवलं, आणि उरलेल्या वेळात इंटरनेटच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून छोटे छोटे फुकटचे गेम उतरवायला लागले. नेट इतकं सावकाश की गेम लावून ठेवायचा, दोन तास शिकवायचे, परत येऊन बघायचं. मिळाला तर मास्तरांचा चेहरा असा व्हायचा की जाळ्यात घोळ मासा लागलाय.

मोठे, नावाजलेले गेम त्यांना वर्ज्य. "मोठो गेम म्हणजे लग्नाचो मांडव," ते म्हणायचे. "उजेड लय, आवाज लय, आणि जेवाण निवलेला. माका बारको गेम व्हयो. एका माणसान एका खोलयेत बसान केलेलो. तो पैसे मागणा नाय. बघ तुका जमता काय, येवढाच म्हणता." बंदूक असली की गेम बाद. घड्याळ टिकटिकत असलं की बाद. वाचायला इंग्रजी लागलं तर अर्धा बाद. त्यांना हवं असायचं ते फक्त वजन, ओढ, तोल आणि घसरण. काहीतरी टांगलेलं, काहीतरी रचलेलं, काहीतरी वाहणारं. आणि ते केव्हा पडेल हे आधी ओळखायचं कोडं. गेमची मूळ नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. ते स्वतःच बारसं करायचे. एकात माणूस चालता चालता भिंतीवर चढतो, मग छतावर, आणि आपण ज्याला जमीन समजत होतो ते आभाळ होतं. त्याचं नाव 'उलटी बाय'. बाय म्हणजे विहीर. एकात नुसते पाट आणि पाणी. फळ्या सरकवून पाणी एका रोपापर्यंत न्यायचं, एक थेंब जास्त झाला तर रोप कुजतं. त्याचं नाव 'सुपारयेची बाग'. आजही कुणी मला विचारलं की बुवा, फावल्या वेळात खेळायला काही चांगलं सांगा, तर मी हीच दोन नावं सांगतो आणि माणूस मोबाइलवर शोधत बसतो. शोधू दे. मास्तरांनाही दोन तास लागायचे.

आणि ते शिफारस करायचे. शिफारस हा शब्द फार मवाळ झाला. वैद्य नाडी बघून पुडी बांधतो तसं ते माणूस बघून गेम द्यायचे, आणि पथ्य सांगितल्यासारखे वर एक वाक्य बोलायचे.

मला म्हणाले, "नाटक्या, हडे ये. तुका हो." काळ्या पडद्यावर एक पांढरं माणूसपण नसलेलं चिन्ह. वरून उजेडाचे झोत फिरतायत. चिन्हानं सावलीतून सावलीत जायचं. उजेड लागला की संपलं. "उजेडात इलंस की मेलंस," मास्तर म्हणाले आणि निघून गेले. मी महिनाभर मरत होतो. माझ्याच्याने सावलीत थांबवेना.

हेडमास्तरांना दिला 'लोंबतो धोंडो'. बऱ्याच दोऱ्यांवर एक धोंडा टांगलाय, खाली टोपली आहे, दोऱ्या योग्य क्रमाने कापल्या तर धोंडा टोपलीत. हेडमास्तरांनी मधली सुट्टी संपेपर्यंत एकही दोरी कापली नाही. आम्ही मागे उभे.

"सर, कापा."

"थांबा. सगळ्या बाजूंनी विचार करतोय."

"सर, घंटा झाली."

"म्हणूनच म्हटलं, घाई नको."

त्याच वर्षी शाळेच्या मागच्या गच्चीची फाइल त्यांच्या टेबलावर असाच विचार घेत राहिली आणि गच्चीचा कोपरा खाली आला. रविवार होता, खाली कुणी नव्हतं. सोमवारी हेडमास्तरांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. स्टाफरूममधलं हसू तिथून थोडं कमी झालं.

मग रुझार. हा आम्हाला खाडीपलीकडे नेणारा होडीवाला, मासेमारीही करायचा. मास्तर रोज त्याच्या होडीने शाळेत यायचे, म्हणून त्यालाही एक पुडी मिळाली. त्याच्या मोबाइलवर. गेममध्ये एक होडी आणि काठावर माशांच्या पाट्या. एक एक पाटी होडीत ठेवायची, होडी कलते, मग दुसरी दुसऱ्या बाजूला. रुझारची होडी दरवेळी शेवटच्या पाटीला उलटायची.

"शेवटची घेव नको," मास्तर सांगायचे.

"घेतली नाय तर चूल कशी पेटतली, मास्तरानु?"

"मगे बुड. परत खेळ."

रुझार हसायचा. पुढच्या हंगामात बांगड्याचा लोंढा लागला आणि खाडीच्या तोंडाशी, लाटेच्या त्या वळणावर, त्याची खरी होडी उलटली. तो पोहून आला, बरोबरचा माणूसही आला. मासळी दर्यात परत गेली. त्यानंतर बाजारात पेन ड्राइव्ह खिशात घेतलेले मास्तर समोरून दिसले की रुझार रस्ता ओलांडायचा. "माजी होडी आधी तेंच्या डब्यात बुडाली," तो लोकांना सांगायचा, "मगे दर्यात."

आमच्याकडे अशा गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. मी स्वतः एस.टी.च्या थांब्यावर ऐकलंय.

"मास्तरान तुज्या घोवाक गेम दिल्यान म्हणतत?"

"दिल्यान. बायीचो."

"मगे आजच्या आज राजू बदलून घे गो. जुनो झालो आसतलो."

त्या बाईने खरंच विहिरीचा दोर बदलला. जुना दोर काढताना रहाटापाशी तो निम्मा तुटलेला निघाला. ही बातमी मालवणच्या मासळी बाजारात माझ्याआधी पोचली होती.

मी मास्तरांना विचारलं, की तुम्हाला हे कळतं कसं? ते वैतागले. "कळूचा काय तेच्यात? लोक वरचा बघतत. मी खालचा बघतंय." ही त्यांची सवयच होती. एकावर एक ठेवलेलं काही दिसलं की सगळ्यात खालच्या वस्तूला एक बोट लावायचं. डब्यांची चळत असो, लग्नातल्या खुर्च्या असोत, ग्रंथालयातली पुस्तकं असोत. हलकेच ढकलायचं, डोळे बारीक करायचे, आणि "अजून आसा" किंवा "जातला" असं पुटपुटायचं. ते "जातला" म्हणाले की शिपाई धावत येऊन चळत उतरवायचा. एकदा ते माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

अशा माणसाचं घर कुठं असावं? शेंडीवाडीत. खाडी आणि समुद्र यांच्या मधून वाळूची एक पट्टी गेली होती, लांब आणि बारीक; नकाशात डोक्यावरच्या शेंडीसारखी दिसायची म्हणून तिचं नाव शेंडीवाडी. एका बाजूला गोडसर शांत पाणी, दुसऱ्या बाजूला दर्या, आणि मध्ये माडांखाली घरं. पट्टीच्या टोकाचं घर मास्तरांचं. तिथं पडवीत बसलं की पुढून दर्या ऐकू यायचा आणि मागून खाडीतल्या माशांची उडी.

दर्याने आधी सुरूची झाडं नेली. मग वाट. मग एका पावसाळ्यानंतर शेजारचं घर रिकामं झालं, शेजारी मुंबईला मुलाकडे गेले ते आलेच नाहीत, आणि रिकाम्या घराची भिंत एका दुपारी आतल्या बाजूला बसली. मास्तरांच्या विहिरीचं पाणी खारट झालं. स्वयंपाकघरात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, यायला लागले, सुलभावहिनी, मास्तरांच्या मंडळी, झाडूने त्यांना बाहेर ढकलायच्या आणि म्हणायच्या, "पावण्यांनु, अजून आमी आसव हंय." वहिनींचं म्हणणं सरळ होतं. शाळेजवळ भाड्याने खोली घ्यायची. नाहीतर बांद्याला लेकीकडे. घर जाईल तर जाईल, आपण दोघं त्यात असायला नको.

आणि मास्तर, ज्यांनी अख्ख्या पंचक्रोशीच्या तळाला बोट लावलं होतं, ते ह्या एका घराबद्दल म्हणायचे, "काय होणा नाय."

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुना लॅपटॉप घेतला होता आणि त्यात एकच गेम उरला होता. त्याला त्यांनी नाव दिलं होतं 'वाळयेचो संसार'. माझ्या मते त्यांनी शोधलेल्यांतला तो सगळ्यात सुंदर गेम. पडदाभर ठिपके. पिवळे ठिपके वाळू, निळे पाणी, तपकिरी लाकूड, करडे दगड. प्रत्येक ठिपक्याला एवढंच ठाऊक की आपण पडायचं, वाहायचं किंवा थांबायचं. आपण बोटाने शिंपडायचं आणि बघायचं. वाळूवर पाणी सोडलं की वाळू कशी खचते, दगडाखालून पाणी कशी वाट काढतं, सगळं जसंच्या तसं. "हेच्यात जिंकणा नाय, हरणा नाय," मास्तर म्हणाले होते. "नुसता बघणा." कुण्या परदेशी पोराने तो करून फुकट सोडून दिला होता. त्या पोराला मी मनातल्या मनात दंडवत घातलाय.

मास्तरांनी त्यात आपलं घर बांधलं होतं. ठिपक्या ठिपक्यांनी. पडवी, विहीर, तुळस, मागचे माड. मग पडद्याच्या कडेवरून दर्या सोडायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घर दर्याकडच्या कोपऱ्यातून बसलं. वरून काहीच हललं नाही. खालून पिवळे ठिपके एक एक करून निघून गेले आणि मग सगळं एकदम. मास्तरांनी परत मांडलं. परत बसलं. परत.

काही आठवड्यांनी गेलो तेव्हा घर उभं राहत होतं. पाणी येत होतं, भिंतीला लागत होतं, परतत होतं.

"काय केल्यात मास्तरानु? दगड घातल्यात काय?"

"नाय." त्यांनी पडद्याच्या तळाशी असलेल्या एका छोट्या सरकत्या खुणेकडे बोट दाखवलं. "पाण्याचो जोर वायच, थोडोसो, कमी केलंय."

मी हसलो. ते हसले नाहीत.

वहिनींनी शेवटी देवीवर सोपवायचं ठरवलं. शेंडीवाडीचं पावणाईचं देऊळ लहान, आत काळा पाषाण. आमच्याकडची रीत अशी: गुरव पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने एक एक पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. मग त्यावर वाद नाही. लग्नं, वाटण्या, भांडणं, सगळं ह्या दोन पाकळ्यांवर चालत आलंय. वहिनी म्हणाल्या, देवी सांगेल तसं, आणि मास्तर लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं. पण मी नारळ धरून उभा होतो आणि गाऱ्हाण्याला जोरात होकार द्यायला मला फार आवडतं.

प्रश्न कसा घालायचा ते मास्तरांनी गुरवाच्या कानात सांगितलं. गुरवाने हात जोडले.

"बाये पावणाये माये! तुजो लेकरू दत्ताराम तुज्या पायाकडे इलो आसा. तेणां आपल्या घरातच रवाचा, असा तुज्या मनात आसात, तर उजवो कौल दी गो माये!"

"होय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

जास्वंदीची पाकळी उजव्या खांद्यावरून अलगद सुटली आणि खाली पडली. वहिनींनी डोळे मिटून नमस्कार केला. त्यांचा चेहरा उतरला होता. देवीने सांगितलं होतं.

परतताना मास्तर पायरीवर थांबले. वहिनी पुढे गेल्या होत्या.

"नाटक्या, उजवो खांदो बघलंस?"

"देवीचो?"

"पाषाणाचो. गुरव उजव्या हातान तेल घालता. तेचो बापूस पण तसोच घाली. थंय दगड आरशासारखो गुळगुळीत झालो आसा. डावो खांदो खरबरीत. पाकळी उजवीच पयली सुटतली. माका ल्हानपणापासून म्हायत आसा."

"मगे गावान आजपर्यंत घेतलेले कौल?"

"लोक प्रश्नच असो घालतत, की होय इला तर बरा. म्हणान गाव बरो चललो."

"आणि तुमी?"

"मी प्रश्न घातलंय. पाकळी मी पाडूक नाय." एवढं बोलून ते पायरीवरून उतरले, दोन पावलं गेले आणि वळले. डोळ्यांत एक वेगळीच चमक. "पण आज ती लवकर सुटली हां. दरवेळेपेक्षा लवकर. तेचो कायतरी अर्थ आसतलो."

तुम्हाला सांगतो, मी रंगमंचावर राक्षस केलेत, पण खरी भीती मला त्या वाक्याची वाटली. ज्याने सोंगट्या मांडल्या तोच आता डावावर विश्वास ठेवायला लागला होता. "वयनींका सांगतंय," मी म्हटलं. "सांग," ते शांतपणे म्हणाले. "देवीचा म्हणणा खोटा, असा सांग. बघ ती तुका पाणी तरी देता काय."

पुढचं वर्ष तसंच गेलं. दर्या पडवीच्या पायरीपर्यंत आला. तुळस वहिनींनी स्वतः उपटून माडाखाली लावली, मग तो माडही वाकला. मी गेलो की वहिनी चहा द्यायच्या आणि दाराबाहेर बघत राहायच्या. मास्तर लॅपटॉपवर वहिनींना दाखवायचे, बघ, उभां रवता. त्यांच्या कपाळावर आता एक नवीन रेघ आली होती. पडद्याच्या तळाशी असलेली ती खूण आणखी थोडी डावीकडे सरकली होती.

पावसाळ्याच्या तोंडावर स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला तडा गेला. दुसऱ्या दिवशी वहिनींचा निरोप आला: भावजी, देवळात या. मी गेलो. मास्तर होते, गुरव होता. वहिनींनी स्वतः पाकळ्या आणल्या होत्या.

गुरव म्हणाला, "वयनी, त्याच गजालीचो कौल परत घेनत नाय."

"त्याच गजालीचो न्हय," वहिनी म्हणाल्या. "आमी हे घर सोडून जावचा, असा देवीच्या मनात आसात, तर तिणा उजवो दिवचो. असा इचार."

गुरवाने पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं. होय म्हाराजा म्हणणारा मी एकटाच होतो आणि माझा आवाज बारीक निघाला. मग सगळे थांबलो. मी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होतो. गुरवही. मास्तर मात्र फक्त उजव्या खांद्याकडे बघत होते. आणि वहिनी पाषाणाकडे बघतच नव्हत्या. त्या मास्तरांच्या डोळ्यांकडे बघत होत्या.

उजवी पाकळी सुटली.

"होय," गुरव म्हणाला, आणि मग गोंधळला. "म्हणजे दोनूय होय? रवाचाय होय, आणि जावचाय होय?"

"तुमका आधीच ठावक होता," वहिनी मास्तरांना म्हणाल्या. रागाने नाही. मासा ताजा नाही हे कळल्यावर बाजारात म्हणतो तसं. "आता देवीक कित्याक त्रास." त्यांनी पदर खोचला, घरी गेल्या, दोन बोचकी बांधली आणि रुझारच्या होडीने पलीकडे शाळेजवळच्या खोलीत राहायला गेल्या.

मास्तर राहिले. मी विनवलं, ओरडलो, एकदा तर गुडघे टेकले; तेही वाळूत, म्हणजे अभिनय नव्हता. ते म्हणाले, "मी गेलंय तर मी देवीक फसयलंय. घर रवला, तर पयलो कौल तिणाच दिल्यान. समाजला?" मला समजलं. त्यांना ते घर नको होतं. त्यांना त्या पाकळीचं खरं व्हायला हवं होतं.

आषाढी अमावास्येच्या उधाणाला दुपारी पाणी चढायला लागलं. वाडीतली शेवटची दोन घरं सकाळीच रिकामी झाली होती. वहिनी माझ्या दारात आल्या. "चला," एवढंच म्हणाल्या. रुझार आधी नाही म्हणाला, मग मास्तरांच्या नावाने चार शिव्या घालून होडी सोडली.

घरात शिरलो तर जमीन ओली होती. स्वयंपाकघरातून पाणी येत होतं आणि जाताना वाळू नेत होतं. दाराच्या उंबरठ्याखाली हात जाईल एवढी फट पडली होती. मास्तर पडवीच्या आतल्या खोलीत खाटेवर मांडी घालून बसले होते. मांडीवर लॅपटॉप.

"ये नाटक्या. बस," ते म्हणाले. "बघ, अजून उभां आसा."

मी तोंड उघडणार एवढ्यात वहिनी खाटेवर त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी आयुष्यात कधी त्या पडद्याकडे नीट बघितलं नव्हतं. आता बघितलं. निळं पाणी येत होतं, घराला शिवत होतं, मागे जात होतं. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. बाहेर कुठलासा माड पडल्याचा धक्का जमिनीतून आला.

"ह्यो दर्या असो सावकास कित्याक येता?" त्यांनी विचारलं.

मास्तरांचं बोट त्या खुणेकडे गेलं आणि मागे आलं.

"तुमी तेका सांगितल्यात काय, हळू ये म्हणान?"

"वायच," मास्तर म्हणाले.

वहिनींनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथं एक पातेलं तरंगत दारापर्यंत आलं होतं. "मगे हेकाय सांगा," त्या म्हणाल्या.

बाहेरून रुझार ओरडत होता. "मास्तरानु, पाणी फिरता हा! मी रवाचंय नाय!"

मास्तरांनी बोट पुढे केलं. ती खूण त्यांनी उजवीकडे सरकवली, सावकाश, तिच्या मूळ जागेपर्यंत. पडद्यावरचा दर्या उठला. पिवळे ठिपके कोपऱ्याखालून निघाले, एक, मग पाच, मग सगळे. पडवी गेली, विहीर गेली, माड गेले. मास्तर शेवटचा ठिपका खाली बसेपर्यंत बघत होते. मग त्यांनी लॅपटॉप रीतसर बंद केला. म्हणजे कसा? शाळेत तार ओढून बंद करणाऱ्या पोराला ते अख्खा तास उभं करायचे, तसा. पाणी माझ्या पोटऱ्यांना लागलं होतं आणि आम्ही तिघं पडदा काळा होण्याची वाट बघत होतो. तो काळा झाला. त्यांनी लॅपटॉप जुन्या धोतराच्या शिवलेल्या पिशवीत घातला, छत्री घेतली आणि दाराला कुलूप लावायला लागले. वहिनींनी किल्ली हातातून काढून घेतली आणि त्यांचा दंड धरला.

त्याच संध्याकाळच्या गाडीने ती दोघं बांद्याला लेकीकडे गेली. मास्तर पुन्हा ह्या किनाऱ्याला आले नाहीत, म्हणून मला ते दिसतात ते होडीतलेच. रुझार दात ओठ खात वल्हवत होता, मी पाणी उपसत होतो, आणि मास्तर पाठ दर्याकडे करून बसले होते, छत्री बंदच, अंगावर पाऊस. खाडीच्या मध्यावर आल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी मान वळवली. माडांच्या मागे घराचं छप्पर दिसत होतं. सरळ. हललेलं नाही.

"सुलभा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "अजून उभां आसा गो."

वहिनी पदर पिळत होत्या. त्यांनी मागे पाहिलं नाही.

"आसांदे," त्या म्हणाल्या.